कम्युनिटी फाउंडेशनकडे अनुदान मागताना अर्ज कुठे अडतो

चांगलं काम करणाऱ्या संस्थेचा अर्ज परत येतो आणि पत्रात एकच ओळ असते: 'आपला प्रस्ताव निकषांत बसत नाही.' कुठला निकष, ते लिहिलेलं नसतं. लिहायला हवं, निदान तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून. असे अर्ज तपासून देताना मला दिसलं की खोट कामात क्वचितच असते. हा पैसा कुणी, कुठल्या अटीवर ठेवलाय, हेच अर्जदाराने पाहिलेलं नसतं.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका ठरावीक भागासाठी अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र सांभाळणारी संस्था. पहिली 1914 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला फ्रेडरिक गॉफ या बँकरने सुरू केली. दात्याच्या मृत्यूनंतर काळ बदलतो, जुन्या अटी निरर्थक होतात आणि दान अडकून पडतं, हे त्यांना खुपत होतं. म्हणून त्या भागातल्याच नागरिकांच्या समितीने गरज बदलेल तसा पैसा वळवावा, अशी सोय त्यांनी केली. मूळ निधी गुंतवलेला राहतो आणि वर्षाला साधारण त्याच्या 4 ते 5 टक्के रक्कमच वाटली जाते. निधीचा मोठा आकडा पाहून 'आम्हाला एवढंसं द्यायला यांचं काय जातं' असं धरून मागणी फुगवू नका.

या पैशाचे कप्पे असतात, आणि पहिला घोळ इथेच होतो. खुल्या निधीचं वाटप समिती ठरवते. विषयाला बांधलेला निधी, समजा मुलांच्या शिक्षणासाठीचा, तेवढ्यासाठीच वापरतात. काही निधी एखाद्या संस्थेच्याच नावे ठेवलेले असतात. काही देणगीदाराच्या शिफारशीवर चालतात. अंतिम मंजुरी फाउंडेशनची असली तरी अशा निधीसाठी सहसा थेट अर्ज करता येत नाही. लोक वार्षिक अहवालातला सर्वांत मोठा आकडा बघतात आणि नेमका याच शेवटच्या कप्प्यासाठी प्रस्ताव लिहितात. महिनाभराची मेहनत वाया जाते. त्याच अहवालात मागच्या अनुदानांची यादी असते. कुणाला, कशासाठी, किती मिळालं ते बघा. आपली मागणी त्या पट्ट्यात बसते का, ते कळेल.

पात्रतेत 'भाग' हा शब्द नीट वाचा. कार्यालय हद्दीत असून सहसा भागत नाही, लाभ घेणारी माणसं हद्दीतली लागतात. काम दोन भागांत असेल तर या भागातली माणसं आणि त्यांच्यावरचा खर्च वेगळा काढून दाखवा. एकत्र आकडा दिला की छाननी करणारा तो फोडत बसत नाही, अर्ज बाजूला ठेवतो. व्यक्तींना बहुधा शिष्यवृत्तीखेरीज काही मिळत नाही. उपचारांच्या खर्चासाठी आशेने अर्ज करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांना आधीच स्पष्ट सांगणारं कुणी भेटत नाही, याचं फार वाईट वाटतं.

नोंदणी प्रमाणपत्र, नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी, बँकेचा तपशील ही कागदपत्रं नेहमीचीच. नोंदणी नसलेल्या गटाचं घोडं मात्र इथेच अडतं. अनेक फाउंडेशनांना अशा वेळी पालक संस्था चालते, म्हणजे नोंदणीकृत संस्था पैसे स्वतःच्या खात्यात घेते आणि हिशेबाची जबाबदारी उचलते. 'आमचा पाठिंबा आहे' असं लेटरहेडवरचं पत्र त्यासाठी पुरत नाही. त्या संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव आणि दोघांमधला लेखी करार लागतो. ठरावासाठी बैठक भरावी लागते आणि बैठक तुमच्या सोयीने भरत नाही. म्हणून अर्जाला हात घालण्याआधी हे काम सुरू करा.

दुसरा अडणारा कागद म्हणजे लेखापरीक्षित हिशेब. वर्ष संपलेलं असतं, ऑडिट झालेलं नसतं, मग लोक आदल्या वर्षाचे आकडे जोडून गप्प बसतात. तसं करू नका. ऑडिट कधी पूर्ण होईल ते लिहा, तात्पुरता हिशेब 'तात्पुरता' असं नमूद करून द्या आणि तो चालेल का, हे आधी फोन करून विचारा. अंदाजपत्रकाची बेरीज आणि प्रस्तावातली मागणी जुळते का, तेही बघा. हसण्यावारी नेऊ नका, यात अर्ज बाद होतात.

मुदतीची तारीख सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. बऱ्याच ठिकाणी प्रक्रिया दोन टप्प्यांची असते: आधी एक-दोन पानांचं प्राथमिक पत्र, मग निवडलेल्यांकडून पूर्ण प्रस्ताव. जाहीर झालेली तारीख अनेकदा पहिल्या टप्प्याची असते. लोक तिला प्रस्तावाची तारीख समजून पत्रच पाठवत नाहीत. तारखेसोबत वेळ दिली आहे का, तेही पाहा. 'त्या दिवशी' म्हणजे मध्यरात्रीपर्यंत असं गृहीत धरू नका. शिफारसपत्र दुसऱ्याने पाठवायचं असेल तर त्यालाही तीच मुदत लागू असते.

आणि आधी अनुदान मिळालेलं असेल तर त्याचा अंतिम अहवाल दिलाय का, ते तपासा. तो बाकी असताना नवा अर्ज बहुतेक ठिकाणी उघडूनही बघत नाहीत. जुना कार्यकर्ता संस्था सोडून गेलेला असतो, फाइल कुणाकडे आहे ते ठाऊक नसतं. फाउंडेशनकडे मूळ मंजुरीपत्राची प्रत मागा, ती मिळते. तिच्यावरून अहवाल नव्याने लिहिता येतो.