स्ट्रोक किती मोठा? रक्तातली सूज काय सांगते

स्ट्रोकचा पेशंट ॲडमिट झाला की फाईलमध्ये सीटी स्कॅनच्या मागे एक साधा सीबीसीचा रिपोर्ट लावलेला असतो, घरचे लोक त्यात हिमोग्लोबिन तेवढं बघतात आणि पान उलटतात. पण मेंदूला किती मार बसलाय याचा अंदाज देणारे दोन आकडे त्याच कागदावर असतात, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार.

आधी आत काय चाललेलं असतं ते बघू. बहुतेक स्ट्रोक गुठळीमुळे होतात, रक्तवाहिनी बंद पडते आणि पुढच्या भागाला रक्तच मिळत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला साधारण 19 लाख न्यूरॉन म्हणजे मेंदूच्या पेशी मरतात, हे 2006 साली मांडलेलं गणित आजही डॉक्टर सांगतात. मरणाऱ्या पेशी फुटतात, त्यांच्या आतलं सगळं बाहेर सांडतं, त्यामुळे मेंदूतल्या राखणदार पेशी म्हणजे मायक्रोग्लिया खवळतात आणि केमिकल सिग्नल सोडायला लागतात, मग काही तासांतच रक्तातले न्यूट्रोफिल तिकडे धाव घेतात. जंतू एकही नसतो, तरी शरीर जंतू घुसल्यासारखं वागतं, यालाच इथे सूज म्हणजे इन्फ्लमेशन म्हटलंय. आणि वाईट गोष्ट ही की न्यूट्रोफिलमधली एन्झाईम्स आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पण कमजोर करतात, त्यातून मेंदू आणखी सुजतो, कधीकधी रक्तही झिरपतं.

त्याच वेळी लिम्फोसाइट कमी होतात, कारण मेंदूला धक्का बसला की कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिनसारखे स्ट्रेस हॉर्मोन उसळतात. म्हणजे एक आकडा वर, एक खाली. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की जो रेशो येतो त्याला एनएलआर म्हणतात. तब्येत बरी असलेल्या माणसात तो साधारण 1 ते 3 असतो, पण रिपोर्टात न्यूट्रोफिल 80 टक्के आणि लिम्फोसाइट 10 टक्के असतील तर तो सरळ 8 होतो. बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत हेच दिसलंय की ॲडमिट होताना हा रेशो जितका जास्त तितका एनआयएचएसएस स्कोअर पण जास्त, आणि तीन महिन्यांनी पेशंट स्वतःचं स्वतः करू शकेल याची शक्यता कमी. एनआयएचएसएस म्हणजे हातपाय उचलता येतात का, बोलता येतं का, नजर कशीय हे तपासून दिलेले 0 ते 42 मार्क, जास्त मार्क म्हणजे जास्त गंभीर.

सूज दाखवणारा दुसरा आकडा म्हणजे मार्कर सीआरपी, जो कोविडमुळे घराघरात माहीत झाला. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात हे प्रोटीन सापडलं. इंटरल्यूकिन-6 या सूजेच्या केमिकल सिग्नलचा निरोप पोचला की लिव्हर ते बनवतं, काही तासांत वाढायला लागतं आणि साधारण दोन दिवसांनी सगळ्यात वर जातं. म्हणून स्ट्रोकनंतर दोन तासांत काढलेला सीआरपी आणि दुसऱ्या दिवशीचा सीआरपी यांची तुलनाच करू नये, पहिला बराचसा आधीच्या तब्येतीबद्दल सांगतो. युनिट पण बघा, काही लॅब मिलिग्रॅम पर लिटर देतात, काही डेसिलिटर, दोन्हींत दहापटीचा फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे मार्कर स्ट्रोक झालाय का ते सांगत नाहीत. छातीत इन्फेक्शन, युरिन इन्फेक्शन, हार्ट अटॅक, संधिवात, काहीही असलं तरी ते वाढतात, स्टेरॉइड चालू असेल तर एनएलआर उगाच वाढलेला दिसतो. गुठळी आहे की रक्तस्त्राव हे सीटी स्कॅनच सांगतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं, त्यामुळे तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं की आधी गावातल्या लॅबमध्ये रक्त तपासू असं कृपा करून करू नका, थेट सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला न्या.

मग सूजच औषधाने कमी केली तर? प्रयत्न झालेत. न्यूट्रोफिलना अडवणारं एन्लिमोमॅब नावाचं औषध देऊन पाहिलं, 2001 मध्ये निकाल आला तर पेशंट उलट जास्त बिघडले होते. 2024 मध्ये कॉल्चिसिन या सूज कमी करणाऱ्या औषधाच्या दोन मोठ्या ट्रायल्सचे निकाल आले, एकीत सीआरपी खाली आला पण पुढचे झटके कमी झाले असं ठामपणे सिद्ध झालं नाही, चीनमधल्या दुसरीत तर मुद्दाम सीआरपी वाढलेलेच पेशंट घेतले होते आणि तरीही फायदा दिसला नाही. मला वाटतं यातला धडा मोठा आहे, आकडा खाली आला म्हणजे पेशंट सुधारला असं नसतं, शिवाय मेलेल्या पेशी उचलायला आणि भरून यायला यातली थोडी सूज लागतेच.

वॉर्डात मात्र हे आकडे रोज उपयोगी पडतात. स्ट्रोकनंतर प्रतिकारशक्ती घटलेली असते, गिळताना ठसका लागून अन्न-पाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. उतरायला लागलेला सीआरपी चौथ्या-पाचव्या दिवशी परत चढला तर डॉक्टर आधी छाती तपासतात, एक्स-रे काढतात, आणि गिळण्याची टेस्ट होईपर्यंत तोंडाने पाण्याचा घोट पण देऊ देत नाहीत.