भरलेल्या स्प्रिंगचा प्रश्न : व्हॅक्युम सर्किट ब्रेकरची पार्श्वभूमी

निर्वातात विद्युतप्रवाह तोडता येतो, हे १९२६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांनी दाखवून दिले. त्यावरून बाजारात विकता येईल असा ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की प्रवाह तोडणारा स्विच, तयार व्हायला मात्र साडेतीन दशके लागली. अडचण धातूची होती. कॉन्टॅक्टच्या, म्हणजे प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या, तांब्यात अडकलेला वायू आर्कच्या (ती टोके सुटताना पेटणाऱ्या ज्योतीच्या) उष्णतेने सुटायचा आणि काही ऑपरेशनांतच निर्वात संपायचा. वायूमुक्त धातू, काचेचा किंवा सिरॅमिकचा धातूशी होणारा टिकाऊ सांधा आणि उरलासुरला वायू शोषून घेणारा गेटर या तिन्ही गोष्टी १९५० च्या दशकात जुळून आल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये १३२ केव्हीसाठी (किलोव्होल्टसाठी) एका फेजला आठ बाटल्या, म्हणजे कॉन्टॅक्ट असलेल्या निर्वात नळ्या, ओळीने जोडलेला ब्रेकरही उभा राहिला. पण व्हॅक्युमने संसार थाटला तो ३.३ ते ३६ केव्हीच्या पट्ट्यात.

या ब्रेकरबद्दलची चर्चा बहुतेक वेळा बाटलीभोवतीच फिरते. बाटली सीलबंद असते, तिच्यात कुणाचा हात जात नाही. हात जातो तो मेकॅनिझममध्ये, म्हणजे कॉन्टॅक्ट हलवणाऱ्या यंत्रणेत, आणि मेकॅनिझमचा इतिहास व्हॅक्युमपेक्षा जुना आहे. देखभालीच्या वेळी त्यातली स्प्रिंग भरलेली असावी की रिकामी, हा इथला प्रश्न आहे.

तेलाच्या ब्रेकरच्या काळात पुष्कळ ठिकाणी ब्रेकर हाताने ऑन होत असे. हँडल फिरवणाऱ्याच्या जोरावर आणि हिमतीवर कॉन्टॅक्टचा वेग ठरायचा. लाइनवर आधीच फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) असला तर कॉन्टॅक्ट भिडण्याच्या क्षणी विद्युतचुंबकीय बल त्यांना मागे ढकलते. ५० हर्ट्झला फॉल्ट करंटचे पहिले शिखर साधारण अडीचपट धरतात, म्हणजे २५ किलोअँपिअरच्या ब्रेकरला ऑन होताना ६२.५ किलोअँपिअरच्या धक्क्याला तोंड द्यावे लागते. त्या क्षणी हँडलवरचा हात कचरला तर कॉन्टॅक्ट अर्ध्यात लटकतात, आर्क तेलात पेटत राहतो आणि टाकी फुटू शकते. पुढे सोलेनॉइडने (विजेवर ओढणाऱ्या चुंबकी कॉइलने) ही माणसावरची भिस्त संपवली, पण मोठ्या ब्रेकरच्या सोलेनॉइडला ११० व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरच्या घरात करंट लागे. एवढ्यासाठी मोठी बॅटरी आणि जाड केबल बाळगावी लागायची. स्प्रिंगने हा तिढा सोडवला. काही अँपिअर घेणारी छोटी मोटर दहा-पंधरा सेकंद फिरून ऊर्जा साठवते आणि ती ऊर्जा शतांश सेकंदांत बाहेर पडते. बॅटरी अगदीच बसली तर हँडल मारून स्प्रिंग भरता येते, आणि तरीही ऑन होण्याचा वेग माणसाच्या हातावर अवलंबून राहत नाही.

व्हॅक्युम ब्रेकरला ही व्यवस्था आयतीच मिळाली, आणि फार शोभली. १२ केव्हीच्या बाटलीत कॉन्टॅक्टमधले अंतर जेमतेम ८ ते १० मिलिमीटर असते. हलवायचे वजन कमी, प्रवास कमी, त्यामुळे तेलाच्या ब्रेकरच्या मानाने ऊर्जाही कमी लागते. मेकॅनिझम दहा हजार ऑपरेशन सहज करू लागले, आणि तेलाच्या ब्रेकरला असे आयुष्य ठाऊक नव्हते.

या रचनेचा गाभा क्रमात आहे. क्लोजिंग (ऑन करणाऱ्या) स्प्रिंगची लॅच, म्हणजे तिला रोखून धरणारी खिटी, सुटली की कॅम (उंचवटा असलेली चकती) फिरतो, कॉन्टॅक्ट मिटतात, आणि त्याच हालचालीत ट्रिप (ऑफ करणारी) स्प्रिंग ताणली जाते व कॉन्टॅक्ट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगाही दबतात. म्हणजे ब्रेकर ऑन झाला याचाच अर्थ तो ऑफ होण्याची ऊर्जा आधीच साठवून झाली. उघडण्यासाठी मोटर लागत नाही, ट्रिप कॉइलने छोटी लॅच सोडली की झाले. तेवढेही नसेल तर पुढच्या बाजूचे ट्रिप बटण हाताने दाबता येते. मानकांतही हाच प्राधान्यक्रम दिसतो: डीसी क्लोजिंग कॉइल ८५ टक्के व्होल्टेजला चालली तरी पुरते, ट्रिप कॉइल मात्र ७० टक्क्यांनाही चालावी लागते.

ब्रेकर ऑन होताच मोटर क्लोजिंग स्प्रिंग पुन्हा भरून ठेवते. फॉल्टवर उघडणे, ०.३ सेकंदांनी मिटणे आणि फॉल्ट कायम असेल तर लगेच पुन्हा उघडणे हे ऑटो-रिक्लोजिंग त्यामुळेच जमते. पहिले उघडणे ताणलेल्या ट्रिप स्प्रिंगवर, मिटणे भरलेल्या क्लोजिंग स्प्रिंगवर आणि दुसरे उघडणे त्या मिटण्यात नव्याने ताणल्या गेलेल्या ट्रिप स्प्रिंगवर होते. मोटरला या सगळ्यात भागच नसतो.

कॉन्टॅक्टच्या धातूची कहाणी इथे थोडक्यात आटोपतो. सुरुवातीच्या तांबे-बिस्मथमध्ये चिकटलेले कॉन्टॅक्ट सहज सुटत, १९७० च्या दशकापासून तांबे-क्रोमियम रुळले. त्यात करंट शून्यावर येण्याआधीच तुटण्याचे (त्याने व्होल्टेजचा झटका उसळतो) प्रमाण ३ ते ५ अँपिअरपर्यंत खाली आले. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनला व्हॅक्युम मारक आहे, ही ओरड त्यामुळे बरीच शमली. सर्ज अरेस्टर (असे झटके जमिनीत सोडणारे उपकरण) लावण्याची पद्धत मात्र टिकली, आणि ती टिकायलाच हवी.

आता ज्या निर्णयावर आजही एकमत नाही त्याकडे येतो. देखभालीसाठी ब्रेकर पॅनेलमधून ट्रॉलीवर बाहेर ओढला, तेव्हा त्याची क्लोजिंग स्प्रिंग भरलेली असावी की रिकामी?

ब्रेकर बाहेर ओढावाच का लागतो, हे आधी पाहिले पाहिजे. ऑफ असलेल्या व्हॅक्युम ब्रेकरला आयसोलेशन, म्हणजे वीज खात्रीने तोडलेली अवस्था, मानत नाहीत. बाटलीतला निर्वात गेला तर बाहेरून काही दिसत नाही, आवाज नाही, वास नाही. ते कळते हाय व्होल्टेज चाचणीत. १२ केव्हीच्या ब्रेकरच्या उघड्या कॉन्टॅक्टवर मानकाप्रमाणे २८ केव्ही एक मिनिट टिकावे लागते, देखभालीच्या वेळी त्याच्या ७५-८० टक्के लावतात. म्हणून माणसाला काम करायचे तर ट्रॉली मागे ओढायची, जिवंत टोके झाकणारे शटर पडू द्यायचे आणि डोळ्यांना दिसणारे अंतर निर्माण करायचे. ही बाटलीवरच्या अविश्वासातून आलेली सुरक्षितता आहे, आणि ती योग्यच आहे. पण ट्रॉलीबरोबर मेकॅनिझम बाहेर येते, आणि मेकॅनिझमबरोबर भरलेली स्प्रिंगही.

भरलेली, कारण ब्रेकर शेवटचा ऑन झाला तेव्हाच मोटरने ती भरून ठेवलेली असते. नंतर ऑफ केल्याने फक्त ट्रिप स्प्रिंग रिकामी होते. परमिट (कामाची लेखी परवानगी) हातात आहे, अर्थिंग झाले आहे, विजेचा थेंबही नाही, ब्रेकरवर ‘ऑफ’ची पट्टी दिसते आहे, आणि एका लॅचच्या काठावर ती स्प्रिंग रोखलेली आहे. ग्रीस पुसताना बोटाने लॅच हलली, किंवा कुणाचा गुडघा ऑन बटणावर टेकला, की कॅम आणि दांडे शंभर मिलिसेकंदांच्या आत फिरतात. त्यात बोट सापडले तर मागे घ्यायला वेळ नसतो.

अमेरिकी मेटल-क्लॅड स्विचगियरच्या (धातूच्या कप्प्यांत बंद ब्रेकर पॅनेलच्या) मानकाने यावर तीन वाटा मान्य केल्या: स्प्रिंग भरलेली असेल तर ब्रेकर पूर्ण बाहेर येऊच द्यायचा नाही, किंवा क्लोजिंगची क्रिया अडवून ठेवल्याशिवाय येऊ द्यायचा नाही, किंवा बाहेर ओढताना स्प्रिंग आपोआप सोडून द्यायची. तिथल्या अनेक उत्पादकांनी तिसरी वाट धरली. युरोपीय वळणाच्या रचनांनी वेगळा विचार केला. ऑन असलेला ब्रेकर हलू नये, मधल्या पोझिशनमध्ये तो ऑन होऊ नये, ही इंटरलॉक (चुकीची क्रिया अडवणारी व्यवस्था) त्यांनी कडक ठेवली. स्प्रिंगची स्थिती मात्र निर्देशकावर आणि काम करणाऱ्याच्या शिस्तीवर सोडली.

आपोआप सोडण्याच्या विरोधातले मुद्दे पोकळ नाहीत. बऱ्याच रचनांत स्प्रिंग सोडायची म्हणजे ब्रेकर मिटवून उघडायचा, त्यामुळे दर वेळी ट्रॉली ओढली की एक ऑपरेशन आणि एक धक्का वाढतो. त्याहून मोठा मुद्दा जागेचा आहे. स्प्रिंग सोडणारा खटका ट्रॉलीच्या मार्गावर कुठे बसतो, याला फार महत्त्व आहे. झीज होऊन किंवा चुकीच्या जुळवणीमुळे तो लवकर लागला आणि तोवर बसबारकडची (पॅनेलमधल्या मुख्य वीजपट्टीला जोडणारी) कॉन्टॅक्टची बोटे सुटलेली नसली, तर ब्रेकर जिवंत बसवर ऑन होईल. शिवाय बॅटरी गेलेली असताना ब्रेकर परत आत घालून लगेच ऑन करायचा तर स्प्रिंग भरलेली हवी. आणि यंत्र आपणच स्प्रिंग सोडते अशी सवय लागली की माणूस निर्देशक पाहायचा सोडतो.

हे सगळे मान्य करूनही कौल आपोआप सोडण्याच्या बाजूने द्यावासा वाटतो. खटक्याची जागा कारखान्यात तपासता येते, दर देखभालीत मोजता येते. रात्रपाळीत थकलेल्या माणसाचे लक्ष मोजता येत नाही. लगेच ऑन करता येण्याच्या सोयीसाठी दहा-पंधरा वेळा हँडल मारावे लागणे ही किरकोळ किंमत आहे.

जिथे अशी सोय नाही, तिथे क्रम पाळावा लागतो आणि तो उलटसुलट झाला तर व्यर्थ जातो. ब्रेकर टेस्ट पोझिशनला (मुख्य वीज सुटलेली, कंट्रोलची वीज जोडलेली) आणायचा. आधी मोटरचा सप्लाय बंद करायचा, मग ऑन करायचा, मग ऑफ करायचा. ऑन केल्याने क्लोजिंग स्प्रिंग रिकामी होते, ऑफ केल्याने ट्रिप स्प्रिंग. मोटर बंद न करता ऑन-ऑफ केले तर काही सेकंदांत क्लोजिंग स्प्रिंग पुन्हा भरते आणि केलेले सगळे पाण्यात जाते. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे नुसता ट्रिप दाबून ‘ऑफ’ पाहणे आणि समाधान मानणे. निर्देशकाबद्दलही एक गोष्ट नीट सांगितली जात नाही: ‘चार्ज’ची पट्टी फक्त क्लोजिंग स्प्रिंगची असते. ट्रिप स्प्रिंगला सहसा वेगळी पट्टी नसते, तिची स्थिती ‘ऑन’ या पट्टीतच वाचायची. त्यामुळे ‘ऑफ’ आणि ‘डिस्चार्ज’ या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी दिसल्याशिवाय झाकण उघडू नये.

बाकीच्या संरक्षणांवर फारसा वाद नाही. अर्धवट भरलेली स्प्रिंग सुटता कामा नये. ऑनचा आदेश दाबून धरलेला असताना फॉल्टवर ट्रिप झाला, तर ब्रेकरने पुन्हापुन्हा ऑन-ऑफ करू नये, म्हणून अँटी-पंपिंग रिले असतो. ऑन होत असतानाच ट्रिप आला तर ट्रिपचेच चालले पाहिजे.

वाद नसलेल्या पण दुर्लक्षित राहिलेल्या गोष्टीत ग्रीस येते. व्हॅक्युम ब्रेकरला देखभाल लागत नाही, असा प्रचार सुरुवातीला फार झाला. बाटलीपुरते ते खरे होते. मेकॅनिझम मात्र वर्षानुवर्षे एकाच स्थितीत उभे राहते आणि ट्रिप लॅचवरचे ग्रीस घट्ट होते. अशा ब्रेकरचे पहिले उघडणे संथ होते, दुसरे-तिसरे पुन्हा ठीक वाटते. वेळेची चाचणी घेण्याआधी ‘हात मोकळा’ म्हणून दोन-चारदा ऑन-ऑफ करण्याच्या सवयीने नेमकी तीच खूण पुसली जाते. मोजायचे ते पहिलेच उघडणे, कारण फॉल्ट आल्यावर ट्रिपचा आदेश देणाऱ्या रिलेला तेच मिळणार असते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कायमचुंबकाचे ॲक्च्युएटर, म्हणजे स्प्रिंगऐवजी चुंबकावर ब्रेकर चालवणारी यंत्रणा, आले. भाग थोडे, लॅच नाहीत, ग्रीसची कटकट कमी. ऊर्जा कपॅसिटरमध्ये गेली, त्यामुळे तो कपॅसिटर रिकामा झाला का, हा नवा प्रश्न आला. आणि सप्लाय गेल्यावर उघडण्यासाठी हाताचा दांडा ठेवावा लागलाच. स्प्रिंगची जागा त्यांनी पूर्ण घेतली नाही.

दरम्यान स्विचगियरमध्ये वापरल्या जाणाऱ्या एसएफ६ या हरितगृह वायूवरची बंधने वाढली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगियरमध्ये असे वायू १ जानेवारी २०२६ पासून जवळपास हद्दपार केले आहेत. त्याच ओघात व्हॅक्युम ७२.५ आणि १४५ केव्हीकडे सरकतो आहे. तिथे कॉन्टॅक्टमधले अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे लागते, म्हणजे प्रवास आणि साठवायची ऊर्जा दोन्ही वाढतात, आणि चालवायला पुन्हा स्प्रिंग निवडली गेलेली दिसते. हे ब्रेकर यार्डात पायावर पक्के उभे असतात, त्यांना ट्रॉली नसते. ओढतानाच स्प्रिंग सोडणारा खटका तिथे लावायला जागाच नाही. त्यामुळे भर राहतो तो स्प्रिंग अडवून धरणाऱ्या पिनांवर, मोटरच्या सप्लायला लावलेल्या कुलपावर, आणि मेकॅनिझमच्या पेटीचे दार उघडण्याआधी दोन्ही पट्ट्या वाचण्यावर.