चांदीपुरा, मेंदू आणि अर्धवट वाचलेला एक प्रयोग

चांदीपुरा आपल्या नागपूर जिल्ह्यातलं गाव, 1965 मध्ये तापाच्या दोन पेशंटच्या रक्तात व्हायरस सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा साधा ताप वाटला होता. मेंदूचं प्रकरण खरं अंगावर आलं 2003 ला, आंध्रात 329 पोरं आजारी पडली, 183 गेली, आणि 2007 ला तेच आपल्या नागपूर विभागात. तेव्हापासून लोक एकच विचारतात, सकाळी खेळणारं पोरगं रात्री बेशुद्ध, मग इम्युनिटी काय झोपली होती का?

झोपली नव्हती, पण इथे एका शब्दाने लय घोळ घातलाय, इम्यून प्रिव्हिलेज, म्हणजे मेंदूत प्रतिकारशक्तीला प्रवेशच नाही असं समजणं. 1948 ला सशाच्या मेंदूत दुसऱ्या सशाची कातडी लावून पाहिली तर ती टिकली, पुस्तकांत एवढंच उतरलं. पण त्याच प्रयोगात असंही दिसलं होतं की ज्या सशाच्या अंगावर आधीच तशी कातडी लावून झाली होती, त्याच्या मेंदूतली कातडी शरीराने संपवून टाकली! म्हणजे अडचण होती ती आतली खबर बाहेर पोचायची, एकदा खबर लागली की शिपाई आत घुसतात. हे अर्धं किती वर्षं कोणी मनावरच घेतलं नाही, मला तरी हा निव्वळ आळस वाटतो. 2005 मध्ये एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात शरीर स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करतं) एका औषधाने टी-सेलना, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींना, मेंदूत जायला अडवलं आणि काही पेशंटमध्ये शांत पडलेला जेसी व्हायरस उठून मेंदू पोखरायला लागला, तेव्हा कळलं की हे शिपाई रोजच गस्त घालत होते. मग 2015 ला उंदराच्या मेंदूच्या आवरणात लिम्फच्या (पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या) नळ्याही सापडल्या, खबर बाहेर जायचा एक रस्ता तो हाच.

आता लढाई कशी चालते, तर न्यूरॉन, म्हणजे मेंदूची पेशी, मेला की बहुतेक परत मिळत नाही, त्यामुळे लागण झालेली पेशी मारून टाका हा शरीराचा नेहमीचा खाक्या इथे महागात पडतो. 1991 ला उंदरांत दिसलं की एका व्हायरसला नुसत्या अँटिबॉडीने न्यूरॉनमधून हटवता येतं, न्यूरॉन जिवंत ठेवून. पण टी-सेल, अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर लागतो, तोवर किल्ला लढवतं इंटरफेरॉन, म्हणजे लागण झालेल्या पेशी सोडतात ते व्हायरसला रोखणारं प्रथिन. 2007 मध्ये हर्पिसचा मेंदूज्वर झालेल्या काही मुलांत टीएलआर3 या एकाच जीनमध्ये बिघाड सापडला, बाकी इम्युनिटी ठणठणीत, फक्त मेंदूतलं इंटरफेरॉन कमी पडलं.

चांदीपुराच्या लागणीत जी पोरं जातात ती बहुतेक 24 ते 48 तासांत, म्हणजे टी-सेलची फौज निघायच्या आधीच खेळ संपतो.  म्हणून अँटिबॉडी आधीच रक्तात हव्यात, जेईच्या (जपानी मेंदूज्वराच्या) लसीने हेच साधतं, चांदीपुराची लस मात्र अजून नाही, म्हणून पावसाळा लागला की मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपायच्या आणि हा व्हायरस पसरवणाऱ्या वाळूमाशीसाठी फवारणी करायची.