हाताला चव कळत नाही

केकची सजावट शिकायला बसलं की सगळ्यात आधी संपतं ते लोणी. दहा गुलाब काढावेत, त्यातले आठ कोबीच्या गड्ड्यासारखे दिसावेत आणि तेवढ्यात पायपिंग बॅग (क्रीम दाबून नक्षी काढायची सुरळीसारखी पिशवी) रिकामी व्हावी, हा बहुतेकांचा पहिला अनुभव. पुन्हा सराव करायचा तर पुन्हा लोणी आणि पुन्हा पिठीसाखर. मग सराव लांबतो, पुढच्या केकला हात पुन्हा नवशिक्याचाच राहतो आणि गुलाब पुन्हा कोबीचाच होतो.

खरं तर या सगळ्यात हात शिकत असतो ते किती दाबायचं, कधी सोडायचं आणि नोझल, म्हणजे पिशवीच्या टोकाची नळी, कोणत्या कोनात धरायचं. आयसिंग गोड आहे की आळणी, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणजे सरावापुरता महागडा माल बदलता येईल. फक्त बदली माल दाबल्यावर खऱ्यासारखाच वागला पाहिजे.

मी आधी उकडलेले बटाटे घेतले. हुशारी म्हणून ते मिक्सरमधून फिरवले आणि हाती आली चक्क खळ. बटाट्याच्या पेशींमध्ये शिजून फुगलेला स्टार्च भरलेला असतो. मिक्सरची पाती त्या पेशी फोडतात, स्टार्च बाहेर येतो आणि सगळा गोळा चिकट होतो. तेच बटाटे गरम असताना चाळणीवर दाबून गाळले, तर पेशी बऱ्याच अंशी अखंड राहून एकमेकींपासून सुट्या होतात. असा लगदा गार करून थोड्या पाण्याने सैल केला, की नोझलमधून बरा निघतो. शेल बॉर्डर (शिंपल्यांसारखी किनार) आणि रोझेट (गोल फिरवून काढलेलं फूल) यांना तो चालतो, पण गुलाबाच्या पातळ पाकळीची कड त्यात फाटते.

माल दाबल्यावर कसा वागतो, हे समजायला एक साधा प्रश्न पुरे: बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेलं आयसिंग, घन आहे की द्रव? केकवर काढलेलं फूल तासन्‌तास उभं राहतं, म्हणजे घन. बॅग दाबली की तेच क्रीम वाहू लागतं, म्हणजे द्रव. अशा पदार्थांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी केला. १९१६ साली त्यांनी दाखवलं, की काही पदार्थ ठरावीक ताणापर्यंत जागचे हलत नाहीत, पण तो उंबरठा ओलांडला की वाहतात. या उंबरठ्याला ‘यील्ड स्ट्रेस’ म्हणतात. रंग, टूथपेस्ट, ओला गिलावा आणि आपलं आयसिंग हे सगळे याच जातीचे. वाहण्याच्या या शास्त्राला ‘रिऑलॉजी’ हे नावही बिंगहॅम यांनीच १९२० मध्ये दिलं.

सराव स्वस्तात करायचा तर दोन पदार्थांचा हा उंबरठा जुळवायचा, बस. तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. बांधकामावर काँक्रीटची ‘स्लम्प टेस्ट’ करतात: ३०० मिलिमीटर उंचीच्या, दोन्ही टोकांना उघड्या शंकूत काँक्रीट भरायचं, शंकू अलगद वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते पट्टीने मोजायचं. घरी शंकूऐवजी बूड कापलेला कागदी कप घ्यावा. एकदा खरं आयसिंग भरून किती बसतं ते लिहून ठेवावं आणि बदली माल तेवढाच बसेपर्यंत सैल किंवा घट्ट करत राहावा. मला स्वतःला पायपिंगपेक्षा हा खेळच जास्त आवडतो. रॉयल आयसिंगवाले (अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर यांचं, वाळून कडक होणारं आयसिंग वापरणारे) याचीच एक आवृत्ती करतात. सुरीने रेघ मारायची आणि ती किती सेकंदांत बुजते ते मोजायचं. ‘दहा सेकंदांचं आयसिंग’ म्हणतात ते यावरूनच.

वारंवार वापरायचं तर मला शॉर्टनिंग, म्हणजे बेकरीत वापरतात ते पांढरं घट्ट वनस्पतीजन्य तूप, सगळ्यात पटलं. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला ते वितळतं. तळहाताचं तापमानही जवळपास तेवढंच. म्हणून बॅग हातात धरून पाच मिनिटं झाली, की फुलांच्या कडा लोळायला लागतात. शॉर्टनिंग त्याहून जास्त तापमानाला वितळतं आणि त्यात पाणी जवळजवळ नसतंच. सूक्ष्मजीवांना वाढायला पाणी लागतं, त्यामुळे ते झाकून ठेवलं तर बरेच दिवस टिकतं. घट्टपणासाठी साखरेऐवजी कॉर्नफ्लोअर थोडं थोडं मिसळावं. त्याचे कण फार बारीक असतात, एकदम ओतलं तर दगड होतो. फेटायचं हळू, कारण अडकलेली हवा नोझलशी फुटली की रेघ तुटते. डब्यावर ‘खाऊ नये’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बरं.

व्हिप्ड क्रीम मात्र पुन्हा पुन्हा वापरता येत नाही. तो फेस असतो: हवेच्या बुडबुड्यांभोवती स्निग्धांशाचे गोल कण अर्धवट एकमेकांना चिकटून त्याचा सांगाडा बनतो. खरवडून परत बॅगेत भरलं की बुडबुडे फुटतात, कण आणखी चिकटतात आणि क्रीम रवाळ होऊन लोण्याच्या वाटेला लागतं. त्याचा उंबरठाही कमी असतो. शॉर्टनिंगवर तयार झालेला हात त्यावर जरा जास्तच दाब देतो. तेव्हा शेवटची पाच-सहा फुलं खऱ्या क्रीमवरच काढावीत.

नोझल सुरुवातीला मोठं घ्यावं. अशा पदार्थाला हलवायला लागणारा दाब नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. छिद्र निम्मं केलं तर दाब दुप्पट लागतो, आणि थकलेला हात थरथरतो. बॅग म्हणून बटर पेपरची सुरळी किंवा कोपरा कापलेली झिप पिशवी चालते. नक्षीचा कागद पारदर्शक प्लास्टिकखाली ठेवून वरून गिरवायचं आणि खरवडून माल परत डब्यात टाकायचा.

एकाच मालावर रोज सराव करता आला, की वेळापत्रकही बदलता येतं. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी १९७८ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना पाहिलं, की रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास कमी लागले, आणि दिवसाला चार तास शिकणाऱ्यांना जास्त. गंमत म्हणजे आपल्या वेळापत्रकावर सगळ्यात कमी खूश होते ते हे रोज एक तासवालेच! १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांना हालचालींच्या सरावात आणखी एक गोष्ट दिसली. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे असतात, पण काही दिवसांनी तपासलं तर हालचाली मिसळून करणारे सरस ठरतात. म्हणून पन्नास रोझेट ओळीने काढण्यापेक्षा एक रोझेट, एक शेल, एक पान, पुन्हा रोझेट असं फिरावं. सराव गबाळा दिसतो, पण हात तयार होतो.

केकच्या जागी पालथं भांडं किंवा थर्माकोलचा डमी चालतो. थर्माकोल तर ९८ टक्के हवाच असतो. फक्त एक गोष्ट त्यावर जमत नाही. क्रीमचा पहिला पातळ थर देताना स्पंजचा सुटलेला चुरा त्यात अडकवायचा असतो, आणि थर्माकोलला चुरा सुटतच नाही. त्यासाठी मी शिळ्या पावाच्या चार स्लाइस एकावर एक रचते, कडा कापते आणि पॅलेट नाइफ (क्रीम पसरायची चपटी, बोथट सुरी) फिरवते. चुरा भरपूर सुटतो.