किडनीचं इन्फेक्शन: गोळी चालते का सलाईनच पाहिजे?

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे कोणाला थंडी वाजून ताप आला की पेशंटच्या आधी नातेवाईकच बोलतात, "डॉक्टर, गोयीवर काय व्हस, बाटली लाई द्या" (गोळीने काय होतं, सलाईन लावा). मेडिकलच्या काउंटरवर बसून हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच घेतलं, कारण या समजुतीपायी लोकांचा पैसा आणि मजुरी दोन्ही जातात.

मागच्या मे महिन्यात केळीत निंदायला जाणारी एक ताई आली. ऊन ४५ च्या वर, शेतात बायांची सोय नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची हे त्यांचं रोजचंच. आधी नुसती जळजळ होती, तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून १०३ ताप आणि उजव्या कुशीत पाठीमागून असं दुखणं की हात लावू देईना, म्हणजे इन्फेक्शन मूत्राशयातून वर किडनीत चढलेलं. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे नि त्यावर कोणतं औषध चालेल ते सांगणारी तपासणी) पाठवलं, मग सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकचं एकच इंजेक्शन दिलं आणि पुढे सिप्रोच्या, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या लिहिल्या. नवरा चिडला, एवढा ताप आणि ॲडमिट पण करत नाहीत?

पण तिला उलटी नव्हती, बीपी ठीक होतं, दिवस गेलेले नव्हते, बोलणं व्यवस्थित होतं. अशा पेशंटला गोळी पुरते. औषधाला किडनीत पोचायचंय ते रक्तातून, मग ते शिरेतून आलं काय नि आतड्यातून आलं काय, पुढचा रस्ता एकच. सिप्रोच्याच जातीचं लिव्होफ्लॉक्सासिन तोंडावाटे जवळजवळ सगळं शोषलं जातं, सिप्रो साधारण ७० टक्के, म्हणून तर सलाईनमधून ४०० मिलिग्रॅम देतात तिथे गोळी ५०० ची असते. अमेरिकेत लघवीच्या इन्फेक्शनने तापलेल्या दोन वर्षांच्या आतल्या ३०६ बाळांवर झालेला अभ्यास १९९९ साली छापून आला, काहींना पहिल्यापासून तोंडावाटे सेफिक्झिम हे अँटिबायोटिक, काहींना आधी तीन दिवस शिरेतून इंजेक्शन, तर ताप उतरायला दोघांना सारखाच वेळ लागला आणि किडनीवर व्रण राहण्यातही खास फरक दिसला नाही.

घोटाळा होतो तो घरी. "गोळी गरम पडते" म्हणून लोक ती दुधाबरोबर घेतात, आणि दुधातलं कॅल्शियम सिप्रोला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. ताकाचं तसंच, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीचं आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधाचं पण तसंच. मग गोळी लागू पडत नाही आणि नाव खराब होतं गोळीचं.

दुसरी गोष्ट, औषध कोणतं. नायट्रोफ्युरँटोइन मूत्राशयाच्या जळजळीला फार चांगलं, पण किडनीच्या मांसात ते पुरेसं पोचतच नाही, म्हणून ताप आल्यावर घरातली जुनी स्ट्रिप काढून घेऊ नका, हात जोडून सांगतो. आणि हे इन्फेक्शन बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जंतू करतो, त्यातले कितीतरी आपल्या देशात सिप्रोला आणि सेफ्ट्रियाक्सोनसारख्या औषधांनाही दाद देत नाहीत, म्हणून कल्चर पहिल्या डोसच्या आधी. कधी रिपोर्टमध्ये फक्त अमिकासिन किंवा मेरोपेनेम चालेल असं येतं, तेव्हा सुई लागतेच, कारण ही औषधं आतड्यातून शोषलीच जात नाहीत. मेरोपेनेमच्याच घराण्यातलं टेबिपेनेम मात्र तोंडावाटे घेता येतं, २०२२ मध्ये छापून आलेल्या १३७२ पेशंटच्या अभ्यासात ते शिरेतून द्यायच्या एर्टापेनेमच्या तोडीस उतरलं.

आता उलट बाजू, हीसुद्धा मी पाहिलीय. उलट्यांनी गोळी टिकत नाही, बीपी पडतंय, म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलंय, बाई गरोदर आहे, बाळ अगदी तान्हं आहे, तर गोळ्या घेऊन घरी बसू नका, ॲडमिट व्हा. मुतखडा अडकून लघवी तुंबली असेल आणि वर ताप असेल तर नुसत्या सलाईननेही भागत नाही, तुंबलेली लघवी तातडीने मोकळी करावी लागते. ॲडमिट झालं तरी एकदोन दिवसांत ताप उतरणीला लागला, खाणंपिणं सुरू झालं आणि रिपोर्टमध्ये चालणारी गोळी असली, की डॉक्टरांना जरूर विचारा, आता गोळीवर येता येईल का.

ताईचा ताप दुसऱ्या रात्री उतरला, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, सिप्रो चालत होतं. उरलेल्या गोळ्या न्यायला नवरा आला तेव्हा त्याने आपणहून विचारलं, जेवणात तिला ताक लागतंच, मग कसं करायचं? म्हटलं, गोळी पाण्यासोबत घेऊ द्या, दोन तास जाऊ द्या, मग खुशाल पिऊ द्या.