हॉप्समधील जंतुरोधक आम्ले

हॉप्स (ह्युम्युलस ल्युप्युलस) ही गांजाच्याच, म्हणजे कॅनाबेसी कुळातली वेल. मादी वेलीला शंकूसारखे हिरवे फुलोरे येतात. त्यांतले एखादे फूल उकलून पाहिले तर पानासारख्या खवल्यांच्या बुडाशी पिवळ्या बारीक ग्रंथी दिसतात. बोटांत चुरडल्या की राळेसारखा चिकटा लागतो. याला ल्युप्युलिन म्हणतात. बिअरला कडवटपणा येतो तो यामुळेच. हॉप्स घातलेले पेय लवकर नासत नाही, हे हिल्डेगार्ड व्हॉन बिंगेन या जर्मन जोगिणीने बाराव्या शतकातच लिहून ठेवले होते.

कोल्हापुरात हे पीक होत नाही. उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी या दोन्ही गोष्टी त्याला लागतात. भारतात ते हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात थोडेफार घेतले जाते. तरी करवीर, कागल, शिरोळच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाने या वेलीची ओळख करून घ्यावी, कारण तिच्या राळेचा बिअरखालोखाल लक्षात घेण्याजोगा उपयोग साखरधंद्यात झाला आहे.

राळेतली मुख्य जंतुरोधक द्रव्ये दोन गटांत मोडतात. अल्फा आम्ले (ह्युम्युलोन व त्याची भावंडे) उकळल्यावर आयसो-अल्फा आम्लांत बदलतात. बिअरमध्ये उतरतात ती मुख्यतः हीच. बीटा आम्ले (ल्युप्युलोन इत्यादी) पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि मुळात फारशी कडूही नसतात. जंतूंवर मात्र ती अधिक जालीम. ह्युम्युलोनच्या रेणूला दोन प्रेनिल शेपट्या असतात, ल्युप्युलोनला तीन. या शेपट्या स्निग्ध पदार्थात मिसळणाऱ्या, त्यामुळे जीवाणूच्या स्निग्ध पटलात ते सहज शिरते.

आत शिरून ही आम्ले करतात काय? विघटन न झालेला, म्हणजे आपला हायड्रोजन आयन अजून न सोडलेला रेणू पटलातून आत जातो, तिथे हायड्रोजन आयन सोडतो आणि मँगनीजसारखा धातूचा आयन घेऊन बाहेर पडतो. पेशीच्या आतली आम्लता वाढते, पटलाच्या दोन बाजूंमधला आयनांचा फरक मोडतो आणि त्या फरकाच्या जोरावर चालणारे अन्न ओढून घेण्याचे काम थांबते. हा मारा ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर चालतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते, ते या द्रव्यांना अडवते. यीस्टलाही त्यांचा फारसा त्रास होत नाही. तेव्हा हॉप्स ‘सर्व जंतूंवर गुणकारी’ असल्याच्या जाहिराती खुशाल सोडून द्याव्यात.

उसाच्या रसातला नामचीन शत्रू ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नेमका ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत पडून राहिला की हा जीवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतो. उतारा घटतो, रस दाट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबट पडतात. युरोपातल्या बीट साखर कारखान्यांनी १९९० च्या दशकापासून फॉर्मॅलिन या जंतुनाशकाऐवजी बीटा आम्ले वापरून पाहिली आणि ती चालली. ती अल्कलीत विरघळवून रसात सोडतात. रस आम्लधर्मी असल्याने तिथे ती पुन्हा आपल्या मूळ, मारक रूपात येतात.

यातच एक पेच आहे. उसाच्या ताज्या रसाचा सामू (pH) साधारण ५ ते ५.५ असतो, म्हणजे या आम्लांना अगदी पोषक. पण रस निवळण्यासाठी चुना पडून तो ७ च्या आसपास गेला की त्यांचे विघटन होऊन जोर ओसरतो. म्हणून मात्रा द्यायची तर ती गाळपाच्या वेळी, चरकापाशीच, चुन्यानंतर नाही. शिवाय आधीच तयार झालेले डेक्स्ट्रान कोणतेही जंतुनाशक काढून टाकत नाही. शिळ्या उसावर हॉप्स हा उपाय नव्हे. तोड आणि गाळप यांतले अंतर कमी करणे हाच खरा उपाय, आणि तो फुकटचा आहे.

गुऱ्हाळाची गोष्ट निराळी. काहिलीत रस उकळताना जंतू तसेही मरतात. वर आलेला मळ काढला तरी रसात टाकलेले बरेचसे गुळातच राहते, कारण साखरेसारखे पुढचे शुद्धीकरण इथे नसते. बीटा आम्ले हवेशी संयोग पावली की कडू होतात. गुळव्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

साखर काढून उरलेल्या मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या आसवन्यांत मात्र ती जास्त शोभतील, असे वाटते. किण्वनात लॅक्टोबॅसिलस जीवाणू माजले की यीस्टच्या वाट्याची साखर लॅक्टिक आम्लात जाते. ते रोखायला पेनिसिलिन, व्हर्जिनियामायसिन अशी प्रतिजैविके जगभर वापरली गेली आहेत. हॉप्सची आम्ले यीस्टला धक्का न लावता तेच काम करू शकतात. अर्थात जीवाणूही गप्प बसत नाहीत. बिअर बिघडवणाऱ्या लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिसच्या काही वाणांत होरए नावाचे जनुक सापडते. त्याच्या जोरावर तो आत आलेले आम्ल पंपासारखे बाहेर फेकतो. एकच द्रव्य वर्षानुवर्षे थोड्या मात्रेत देत राहिल्यास असे वाण तगून राहतात, म्हणून बीट कारखान्यांत हॉप्सबरोबर पाइनच्या राळेतली आम्लेही आलटून पालटून देतात.