करकपात कुणाच्या पदरात पडते? मिठापासून चादरीपर्यंतची गोष्ट

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्या आठवड्यात सोलापुरात चाटी गल्लीतल्या कापड दुकानांपासून अशोक चौकातल्या चहाच्या गाड्यापर्यंत एकच विषय होता. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. सिमेंट २८ वरून १८ वर आलं. आधी फेब्रुवारीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालेलं होतंच. एका वर्षात केंद्राच्या दोन मोठ्या करकपाती झाल्या. कुणी म्हणे सगळा फायदा नोकरदारांचा, कुणी म्हणे कंपन्यांचा, तर कुणी म्हणे दिवाळीला गिऱ्हाईक वाढलं की सगळ्यांचाच.

हा वाद आजचा नाही, सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि त्यातली काही महत्त्वाची पानं आपल्याच माणसांनी लिहिली आहेत. ती वाचल्यावर माझं मत असं झालं आहे: कर कमी झाल्यावर सुटणारा पैसा आपोआप खाली जात नाही. सरकार आणि शेवटचा माणूस यांच्यामध्ये जी साखळी असते, तिच्यात ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याच्याकडे तो थांबतो.

सुरुवात मिठापासून करतो. १८८८ पासून मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. राजा असो की मजूर, मीठ सारखंच लागतं. घाम गाळणाऱ्याला तर जास्तच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला, आणि त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत मात्र शिल्लक पडत होती. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं ते नेमकं यावर. देश उपाशी असताना सरकारकडे शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय, हा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या सरकारने दोन कर एकदम कमी केले. मिठावरचा कर अडीच रुपयांवरून दोनवर आणला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १,००० केली.

या जोडीकडे मी पुन्हा पुन्हा जातो, कारण आजचा सगळा वाद तिच्यात आहे. एक सूट सगळ्यांना, पण थोडी थोडी. दुसरी सूट मोजक्यांना, पण प्रत्येकाच्या हातात दिसेल एवढी. दुसरी मिळाली ती कारकून, छोटे व्यापारी, वकील यांना. हीच माणसं वर्तमानपत्र वाचायची आणि सभांना जायची. मिठाची सूट ज्यांना मिळाली त्यांचं म्हणणं कुठे छापून येत नव्हतं. गोखल्यांनी ते मंडळात मांडलं. पुढे १९०५ मध्ये कर दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. दर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. म्हणजे माणसं आधी मीठसुद्धा मारून खात होती. ही करकपात खरोखर ताटापर्यंत पोचली. मिठाच्या किमतीत कराचाच वाटा मोठा होता, विकणारे पुष्कळ होते आणि भाव घरोघरी पाठ होता, त्यामुळे मधल्या कुणाला ती दाबून ठेवता आली नाही.

पण सूट देणाऱ्याला ती काढूनही घेता येते. १९२३ मध्ये कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने आपल्या अधिकारात मिठाचा कर सव्वा रुपयावरून दुप्पट, पुन्हा अडीच रुपये केला. वर्षभरात तो खाली आणावा लागला, तरी जखम राहिली. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ११ मागण्या ठेवल्या. मीठकर रद्द करा, शेतसारा निम्मा करा असं त्यांत होतं, आणि त्याच यादीत लष्कराचा खर्च निम्मा करा, बड्या अधिकाऱ्यांचे पगार उतरवा हेही होतं. कर कुठला कमी करायचा आणि खर्च कुणाचा कापायचा, दोन्ही एकाच कागदावर. आजच्या चर्चेत हा दुसरा भाग जवळजवळ ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढचं सोलापूरकरांना सांगायला नको. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्या बंद पडल्या, ८ मे ला गोळीबार झाला, १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबतो तेव्हा मला हेही आठवतं, की त्या वर्षीच्या आंदोलनाची ठिणगी एका अप्रत्यक्ष करातून पडली होती. तो कर गेला १९४७ च्या एप्रिलपासून.

मिठाइतकीच जवळची दुसरी गोष्ट कापडाची. १८९६ मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे उत्पादनावरचा कर, बसवली. परदेशी कापडाच्या आयातीवर साडेतीन टक्के जकात होती, म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची तक्रार नको, एवढंच कारण. सुताला आणि हातमागाच्या कापडाला मात्र ती लागू नव्हती. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग होते आणि शेजारी गिरण्याही होत्या. एकाच गावात एकाला कर आणि एकाला माफी.

ही अबकारी काढा म्हणून गिरणीमालक वर्षानुवर्षं मागणी करत होते. ती निघाली कशी, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. १९२५ मध्ये मंदीचं कारण सांगून मुंबईच्या मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरमध्ये कामगार बाहेर पडले आणि अडीच महिने बाहेर राहिले. मालक म्हणत होते, अबकारी काढली तर कपात मागे घेऊ. डिसेंबरमध्ये सरकारने अबकारी स्थगित केली, मालकांनी मजुरी पूर्ववत केली, कामगार आत गेले. पुढच्या वर्षी कर कायमचा रद्द झाला.

या प्रसंगाइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. कर सुटला मालकांचा, आणि त्याचा पैसा त्याच महिन्यात कामगाराच्या पगारात आला, कारण यंत्रं बंद होती आणि अट सगळ्यांसमोर बोलली गेली होती. हाच कर एखाद्या शांत वर्षी निघाला असता तर कामगाराला काय मिळालं असतं, याचा विचार ज्याने त्याने करावा.

स्वातंत्र्यानंतरचा काळ भराभर सांगतो. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. १९७४-७५ मध्ये तो ७७ वर आला. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो ५० वर आणला, १९९७ मध्ये चिदंबरम यांनी १०, २० आणि ३० असे तीन टप्पे ठेवले. कर कमी केला तर लोक तो लपवणार नाहीत, हा युक्तिवाद तेव्हापासून रुळला, आणि ९७ टक्क्यांच्या बाबतीत तो खराही होता.

पण त्याच सुमारास महाराष्ट्राने उलटं काम केलं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातली माणसं खडी फोडून जगली. त्या अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते हेच. शहरातल्या नोकरदाराचा पैसा करमाळ्या-सांगोल्याच्या मजुराला काम द्यायला गेला. करकपातीत फायदा कुणाचा हे विचारताना, न जमलेल्या करातून कुणाचं काम झालं असतं, हेही विचारायला हवं. ज्या शहरात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येत आलं आहे, तिथे तर नक्कीच.

२० सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ वर. सरकारचाच अंदाज होता की वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सुटेल. त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० अंकांहून अधिक चढला. गुंतवणूक वाढेल, नोकऱ्या वाढतील असं सांगितलं गेलं. पाच वर्षांनी सरकारच्याच आर्थिक पाहणीत नोंद आली, की २०२३-२४ मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या १.५ टक्क्यांनी. आणि आपल्याकडे? सोलापुरातले बहुतेक यंत्रमाग कारखाने भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर आहेत. भागीदारी संस्थेचा दर तेव्हा ३० टक्के होता आणि तसाच राहिला. २२ टक्के ज्यांना मिळाले त्यांच्याशी अक्कलकोट रोडवरच्या कारखानदाराने बाजारात ३० टक्के भरून झुंजायचं. राष्ट्रीय म्हणवणारी ही करकपात आमच्या औद्योगिक वसाहतीच्या वेशीवरच थांबली.

२०२५ च्या प्राप्तिकराचं गणित सोपं आहे. १२ लाख उत्पन्न असलेल्याचे ८० हजार रुपये वाचले. प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, सरकारी नोकर यांना हा थेट लाभ आहे, आणि महागाईत ते पिचले होते हे मी नाकारत नाही. नवी पेठेतले दुकानदार म्हणतात की हा पैसा शेवटी बाजारातच येणार. काही प्रमाणात येतोच. पण १४० कोटींच्या देशात २०२४ च्या जुलैअखेर विवरणपत्रं भरली गेली ७.२८ कोटी, आणि त्यातल्याही अनेकांना कर शून्यच होता. ज्याला कर नव्हताच त्याला सूट कसली?

म्हणून जीएसटीची कपात जास्त महत्त्वाची, असं मी सुरुवातीला मानत होतो. मग एका दुकानात चादरीचं बिल पाहिलं. चादर-टॉवेलवर १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ टक्के असा जुना नियम होता. आता ५ टक्क्यांची मर्यादा २,५०० झाली. म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत साधा माणूस विकत घेतो त्या हजाराच्या आतल्या चादरीच्या करात एक पैशाचाही फरक पडला नाही. फरक पडला तो भारी चादरीत. १,४०० रुपयांच्या चादरीवर आधी १६८ रुपये कर होता, आता ७०. सुटले ९८ रुपये. दुकानदाराने पूर्ण उतरवले तर ते पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकाचे. मूळ भावच थोडा वर ठेवला तर दुकानदाराचे. ठोक व्यापाऱ्याने जास्त सवलत मागितली तर त्याचे. माग चालवणाऱ्या कामगाराला मजुरी मिळते नगावर, आणि ती त्याच्या संघटनेच्या करारावर ठरते. या ९८ रुपयांत त्याचा उल्लेख कुठेच येत नाही.

कपात गिऱ्हाइकापर्यंत पोचावी म्हणून कायद्यात सोय होती. २०१७ च्या जीएसटी कायद्याचं कलम १७१ नफेखोरीविरुद्ध होतं आणि त्यासाठी वेगळं प्राधिकरणही नेमलं होतं. त्या नोव्हेंबरमध्ये हॉटेलांचा कर १८ वरून ५ झाला, पण कच्च्या मालावरच्या कराची वजावट गेली म्हणून अनेकांनी पदार्थांचे भाव चढवले. गिऱ्हाइकाचं बिल होतं तिथेच राहिलं. १ एप्रिल २०२५ पासून या कलमाखाली नव्या तक्रारी घेणं बंद झालं. सर्वांत मोठी दरकपात आली ती त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. राहिली ती ग्राहक हेल्पलाइन.

राहता राहिली विडी. आमच्या पूर्व भागात घराघरात बायका विड्या वळतात. त्याच सप्टेंबरच्या बैठकीत तेंदूपत्त्यावरचा कर १८ वरून ५ आणि विडीवरचा २८ वरून १८ करायचं ठरलं. विडीसह तंबाखूच्या पदार्थांना लगेच दर न लावता थांबवलं गेलं, पानाचा दर मात्र उतरला. शेजारच्या आक्का चाळीस वर्षं विड्या वळताहेत. मी हे सांगायला गेलो तेव्हा त्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कारखान्यातून आलेली पानं भिजवून, पुसून, कात्रीने कापत होत्या. अर्धी पानं भोकं पडलेली, ती एका बाजूला टाकत होत्या. हजार विड्या भरल्या नाहीत तर कमी पडणारं पान पदरचं घालायचं, आणि नेऊन दिल्यावर छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघेल ती वेगळीच.

"पानावरचा कर कमी झालाय म्हणे आक्का," मी म्हणालो.

त्यांनी एक पान उजेडात धरलं. "मग आता पान चांगलं देणार काय? का जास्तीचं देणार?"

मी गप्प राहिलो. त्यांनी ते पान भोकं पडलेल्या ढिगावर टाकलं आणि पुढचं उचललं.